वामनरावांच्या भिंतीचा तखमिना

भिंत सरकत नाही. हे वाक्य मी गेल्या पस्तीस वर्षांत इतक्या वेळा बोललोय की माझ्या बायकोलाही ते पाठ झालंय. कपाट सरकतं, पलंग सरकतो, लग्नाची तारीख सरकते. भिंत मात्र तोडावी लागते आणि दुसरीकडे नवी बांधावी लागते. तरी आदिलाबादेत माझ्या दारात येणारा प्रत्येक माणूस खुर्चीत टेकायच्या आधी एकच सांगतो, "काही मोठं काम नाही साहेब, फक्त एक भीत चार फूट सरकवाची हाय." हे सांगताना तो दोन्ही तळहातांनी हवेत हलकेच ढकलल्यासारखं करतो. ते ढकलणं पाहिलं की माझं डोकं उठतं.

माझा धंदा अंदाज काढून देण्याचा. मी आयटीआय झालेला ड्राफ्ट्समन. बावीस वर्षं एका ठेकेदाराकडे नकाशे काढले, अंदाजपत्रकं केली, आणि पुढे स्वतःची पाटी लावली. मी इंजिनियर नाही, पण लोक 'इंजनेर साहेब' म्हणतात आणि मी ते कधी फार नेटानं खोडून काढलेलं नाही. जुनी माणसं अंदाजपत्रकाला अजून 'तखमिना' म्हणतात. निजामाच्या कचेरीतला हा शब्द आमच्या भागात घरोघरी उरला आहे, त्यामुळे कित्येक गावांत मला 'तखमिनेवाले' म्हणूनच ओळखतात. आता वय झालं, गुडघे कुरकुरतात, मी धंदा जवळपास बंद केलाय. तरी ढकलणारे हात येतातच.

बाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगतो. समजा दोन खोल्यांमधली भिंत चार फूट पलीकडे न्यायची आहे. लोक विटा मोजतात. विटांचा खर्च यात सगळ्यात कमी. आधी जुनी भिंत पाडायची, मलबा पोत्यांत भरून ट्रॅक्टरमध्ये टाकायचा आणि तो कुठे रिकामा करायचा यावर गल्लीत भांडायचं. भिंत निघाली की खाली फरशीत लांबच लांब चर पडतो, आणि घरात असलेली टाईल दुकानात मिळत नाही. कधीच मिळत नाही. वर छताला तेवढाच लांब व्रण दिसतो. भिंतीच्या पोटातून विजेच्या नळ्या गेलेल्या असतात, त्या काढून नव्या भिंतीत घालायच्या. पंखा जुन्या खोलीच्या मधोमध असतो, तो नव्या खोलीत एका अंगाला जातो आणि त्याचं पातं नव्या भिंतीला घासायला बघतं. नव्या भिंतीला रंग दिला की बाकीच्या तीन मळकट दिसायला लागतात, म्हणून त्याही रंगवायच्या. मी हे सगळं ओळीनं कागदावर लिहितो, खाली बेरीज मारतो, आणि समोरचा माणूस माझ्याकडे असा पाहतो, जणू तो पंखा मीच मुद्दाम तिथे टांगला होता.

बोथ गावचे एक किराणावाले होते. त्यांना एका वास्तुवाल्यानं सांगितलं, तिजोरीच्या खोलीची भिंत दोन फूट दक्षिणेला घ्या. घेतली. वर्षभरात दुसरा वास्तुवाला आला, तो म्हणाला उत्तरेला हवी होती. परत आणली. तिसऱ्यानं मधोमध सांगितली. चौथ्यांदा मला बोलावलं तेव्हा शेठ अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "तीन डाव झालं हे काम. आता तं हातचंच झालं तुमच्या. काही तरी कमी करा ना जी." मी वही मिटली आणि चहा न पिता निघालो. आता हैदराबादेत नोकरीला असलेली मुलं बापाच्या घराचा फोटो पाठवतात. फोटोत सोफा, सोफ्यावर मांजर, मागे बोटभर भिंत. खाली प्रश्न, "किती लागतील अंकल?" मी म्हणतो, घर बघावं लागेल. तर म्हणतात, मोबाईलवर तर लगेच आकडा येतो. येऊ द्या. मोबाईलला ती भिंत वाजवून बघता येत नाही.

कारण खरा प्रश्न भिंतीच्या पोटात नसतो, डोक्यावर असतो. स्लॅबचं ओझं त्या भिंतीवर आहे की नाही, हे आधी कळायला हवं. जुन्या घरांत नऊ इंची, म्हणजे आडव्या विटेच्या जाड भिंती असतात आणि स्लॅब त्यांच्यावरच टेकलेला असतो. तसली भिंत पाडायची तर आधी स्लॅबला खालून लाकडी बल्ल्या लावून धीर द्यायचा, मग लोखंडी गर्डर घालायचा, आणि तेव्हा कुठे भिंतीला हात लावायचा. खर्च चौपट होतो. उलट भिंत चार इंची असेल, विटेवर वीट एकेरी रचून नुसती आडोशाला घातलेली असेल, तर तिच्यावर कशाचाच भार नसतो. ती पाडली तर घराला कळतही नाही. हे ओळखायचे तीन मार्ग आहेत. भिंतीत दार असेल तर चौकटीपाशी जाडी दिसते. दार नसेल तर दोन्ही खोल्या आतून मोजायच्या, बाहेरून घर मोजायचं आणि वजाबाकी करायची. तेही जमत नसेल तर ड्रिलनं एक भोक पाडायचं. माझ्याकडे चौथा मार्ग होता आणि मला त्याची फार घमेंड होती. मी बोटाच्या गाठीनं भिंत वाजवायचो. जाड भिंत मुकी असते, दगडावर मारल्यासारखी. एकेरी भिंत जराशी वाजते. माझा कान कधी चुकत नाही, असं मी चारचौघांत सांगायचो.

दोन वर्षांपूर्वीच्या संक्रांतीच्या सुमाराची गोष्ट. तलमडुगूच्या अलीकडे एका गावात वामनराव म्हणून कापसाचे छोटे व्यापारी आहेत. ते गावागावातून पाच-दहा क्विंटल कापूस उचलतात, घरात साठवतात आणि भाव बरा झाला की आदिलाबादच्या मार्केटात घालतात. आमच्या भागात हे नवं नाही. हंगामात निम्म्या घरांत एक खोली कापसाची असते आणि माणसं उरलेल्या जागेत राहतात. दिवाळीत त्या खोलीच्या आसपास कोणी पणतीसुद्धा लावत नाही.

वामनरावांच्या घरात एक लांब खोली होती, चोवीस फुटांची. मध्ये भिंत घालून तिचे दोन भाग केलेले. चौदा फूट कापसाला आणि दहा फूट माणसांना. कापसाच्या भागाला दार होतं अंगणातून, बैलगाडी लागेल असं, आणि त्या लांब खोलीची एकुलती एक खिडकीही कापसाच्याच भागात होती, मधल्या भिंतीपासून तीन-चार फुटांच्या आत. माणसांच्या भागाला खिडकी नव्हती. पाडायची म्हटलं तरी जागा नव्हती, कारण बाहेरच्या अंगाला चुलतभावाचं घर चिकटलेलं आणि आतल्या अंगाला स्वयंपाकघर. त्या दहा फुटांत वामनरावांची बायको इंदूबाई झोपायची. तिला दमा होता. हंगाम सुरू झाला की कापसाचे बारीक तंतू घरभर उडायचे, त्यात चुलीचा धूर, आणि बाहेर जायला वाट नाही. तलमडुगूच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, या बाईला खिडकी असलेल्या खोलीत झोपवा, नाहीतर एखाद्या हिवाळ्यात जड जाईल. म्हणून भिंत पाच फूट पलीकडे घ्यायची, म्हणजे खिडकी तिच्याकडे येईल. इंदूबाईनं तीन वर्षं ही गोष्ट लावून धरली होती. शेवटी तिच्या भावानं येऊन वामनरावांना दोन शब्द सुनावले, तेव्हा मला बोलावणं आलं.

मी गेलो तेव्हा कापसाची खोली छतापर्यंत ठासून भरलेली. दार उघडलं तर पांढरी भिंतच समोर. आत पाय टाकायला जागा नाही.

"भाव नाही सध्या," वामनराव म्हणाले. "दोन महिने थांबा लागंल."

"मग मी खोली मोजू कशी?"

"मोजाचं काय त्यात? भीत तं इकडूनच दिसते ना."

मी इकडून, म्हणजे माणसांच्या खोलीतून पाहिलं. मधल्या भिंतीला दार नव्हतं, म्हणजे पहिला मार्ग बंद. पलीकडे कापूस, म्हणजे दुसरा बंद. मी ड्रिलची पिशवी उघडली तर वामनराव आडवेच आले. "मशीन नको बापा. ठिनगी उडली तं राख होईल साऱ्याची." तेही खरंच होतं. राहिला माझा चौथा मार्ग. मी भिंत वाजवली. खाली, मध्ये, वर, दोन कोपऱ्यांत. मुकी. ठार मुकी. कुठेच आवाज नाही.

"नऊ इंची आहे," मी म्हणालो.

"हो ना. आमच्या बाबानं पक्कं काम केलेलं हाय. स्लॅब तिच्यावरच हाय," वामनराव लगेच म्हणाले.

इंदूबाई दारात उभी होती. पन्नाशीची, सडपातळ, पदर तोंडाशी धरलेला. ती हळूच म्हणाली, "भाऊ, ते येकेरी हाय जी. माह्या सासऱ्यानं घर झाल्यावर मांगून घातली. वरतून तं..." पुढे तिला खोकला आला.

मी तिचं बोलणं पुरं होऊ दिलं नाही. खोकला थांबायचीही वाट पाहिली नाही. मी म्हणालो, "बाई, हे कानाचं काम हाय. तीस वर्षं झाले मी हे करून राह्यलो. येकेरी भीत असा आवाज नाही देत." आणि तिला दाखवायला म्हणून पुन्हा दोनदा वाजवली. वामनराव हसले. ती आत गेली.

तिथेच अंगणात खाटेवर बसून मी तखमिना काढला. बल्ल्या, गर्डर, गर्डर चढवायची चार माणसं, पाडकाम, मलबा, नवी भिंत, प्लास्टर, फरशी, वायरिंग, रंग. बेरीज आली एक लाख बहात्तर हजार. माझ्या उभ्या आयुष्यात मोठा आकडा ऐकून खूश झालेलं गिऱ्हाईक मी एकच पाहिलं, ते वामनराव. माणसाचा चेहराच उजळला. त्यांनी माझ्यासाठी आणखी एक चहा सांगितला, कागदावर सही मागितली, शिक्का मागितला. मी तेव्हाच चमकायला हवं होतं. तीस वर्षांत प्रत्येक माणूस माझ्या आकड्यावर रडला आणि हा हसतोय, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, एवढी अक्कल मला असायला हवी होती. पण मी शिक्का मारला, मोटारसायकलला किक मारली आणि निघालो.

मे महिन्यात त्याच गावात एकाच्या न्हाणीघराचं काम निघालं. माझ्याबरोबर राजन्ना मिस्त्री होता. हा तेलुगू माणूस वीस वर्षं माझ्यासोबत काम करतोय. आम्ही एकमेकांशी हिंदीत बोलतो आणि भांडण झालं की आपापल्या भाषेत. वामनरावांच्या घरावरून जाताना दिसलं, कापसाच्या खोलीचं दार सताड उघडं. माल गेलेला, खोली रिकामी, आत खराटा फिरत होता. खराटा इंदूबाईच्या हातात होता. मी ओळखलं नाही चटकन, इतकी ती वाळली होती.

"बरं हाय का बाई?" मी विचारलं.

"हाय तं," ती म्हणाली. "फेब्रुवारीत बारा दिवस आदिलाबादले दवाखान्यात होती. ऑक्शिजन लावला होता. आता हाय."

ती हे अगदी सहज बोलली. मी मनातल्या मनात हिशेब केला. मी गेलो होतो जानेवारीच्या मध्यात. भिंत एकेरी असती, तर थोडा कापूस हलवून चार दिवसांत नवी बांधून झाली असती. ती एकेरीच आहे हे मला अजून माहीत नव्हतं, पण सवयीनं माझा हात भिंतीकडे गेला. या बाजूनं, कापसाच्या रिकाम्या खोलीतून, मी बोटाची गाठ मारली.

भिंत वाजली. चांगली ठणकून वाजली, सुक्या भोपळ्यासारखी.

मी पुन्हा वाजवली. वर, खाली, कोपऱ्यात. सगळीकडे तोच आवाज. राजन्ना दारात उभा होता. तो म्हणाला, "सार, ये तो पार्टिशन है. चार इंची." त्यानं बोटसुद्धा लावलं नव्हतं.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि माझी मलाच चीड आली. पलीकडून छतापर्यंत दाबून भरलेला कापूस टेकलेला असेल, तर कोणतीही भिंत मुकीच वाजणार. गादीवर ठेवलेली पाटी वाजवून पाहा. मी जन्मभर कापसाच्या मुलखात राहिलो, दर हंगामात कापसाच्या खोल्या पाहिल्या, आणि मला हे सुचलं नाही. शहरातल्या एखाद्या इंजिनियरनं अशी चूक केली असती तर मी चारचौघांत त्याची टर उडवली असती.

"बाई," मी म्हणालो, "तुमी त्या दिवशी काय सांगून राह्यल्या होत्या? वरतून काय?"

तिनं कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, राजन्नाला म्हणाली, "धर रे बाबू," आणि वर चढली. खराटा ठेवून तिनं हातात विळा घेतला होता. भिंतीच्या माथ्यावर, छताला लागून, तिनं विळ्याचं टोक खुपसलं. सुकी माती खाली पडली. आणखी थोडं उकरून तिनं बोटांनी काहीतरी पकडलं आणि ओढायला लागली. एक चिंधी निघाली. मग दुसरी. मग हिरव्या रंगाचा, किनार असलेला लुगड्याचा हातभर लांब तुकडा.

"फट होती चार बोटं," ती वरूनच म्हणाली. "भीत छताले लागलीच नाही कधी. सासरे म्हनले, कापूस अडवाले घातली, छताशी काय करायचं हाय. पन तथून सारं कापसाचं तूस आमच्या खोलीत यायचं. मंग मीच जुनं लुगडं फाडून कोंबलं अन् वरून मातीनं लिपलं. दर साली लिपतो मी."

आता वाचकांनी जरा कल्पना करावी. माझ्या शिक्का मारलेल्या कागदावर जी भिंत अख्ख्या स्लॅबचं ओझं पेलत होती, जिच्यासाठी मी गर्डर आणि बल्ल्या आणि चार माणसं लावली होती, तिच्या आणि स्लॅबच्या मध्ये एक जुनं लुगडं होतं. ते कोंबणारी बाई जानेवारीत माझ्यासमोर उभी होती, सांगायला तोंड उघडलं होतं तिनं, आणि मी तिला कानाच्या कामावर व्याख्यान दिलं. हे मी गमतीनं लिहितोय, पण त्या दिवशी मला काही गंमत वाटली नाही. मला लाज वाटली. ती बारा दिवस नळी लावून पडली होती, त्यात माझ्या कागदाचा वाटा होता, हे मला त्या स्टुलापाशी उभं राहून स्वच्छ दिसत होतं.

मी तिथेच नवा हिशेब केला. एकेरी भिंत पाडणं, तशीच बांधणं, प्लास्टर, फरशीचा चर, बाकी किरकोळ. त्रेचाळीस हजार. खोली चार दिवसांत राहण्यासारखी.

वामनराव बाहेरून आले. मी त्यांना भिंत वाजवून दाखवली, लुगड्याचा तुकडा दाखवला, नवा आकडा सांगितला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, आत गेले आणि माझा जुना कागद घेऊन आले. प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवला होता, लग्नपत्रिका ठेवतात तसा.

"हा कोनाचा कागद हाय साहेब?"

"माझा."

"शिक्का कोनाचा हाय?"

"माझाच. पण चुकला होता."

"शिक्का कसा चुकंल?" ते म्हणाले. "म्या हा कागद साऱ्या गावाले दाखवला. हिच्या भावाले दाखवला, डाक्टरले दाखवला. आता तुमी म्हनता चुकला. उद्या तिसरं सांगसान. अन् चौदा फुटाची जागा नऊ फूट झाली तं मी कापूस कुठी ठेवू? डोक्यावर?"

त्यांची अडचण खोटी नव्हती. पाच फूट जागा गेली म्हणजे तेवढा माल कमी मावणार, आणि त्यांचा धंदा मालावरच होता. ते काही राक्षस नव्हते. बायको दवाखान्यात होती तेव्हा बारा दिवस तिच्या उशाशी बसले होते, हे मला नंतर शेजाऱ्यांकडून कळलं. पण जागेचा प्रश्न त्यांनी कधी उघड मांडलाच नव्हता. 'मला कापसाला जागा हवी' असं दमेकरी बायकोला कोण तोंडावर सांगेल? त्याऐवजी त्यांना एक आकडा हवा होता, इतका मोठा की वाद संपावा, आणि तो आकडा मी त्यांना शिक्क्यासकट दिला. माझ्या धंद्यात लोक खर्च विचारायला येतात असं मी समजत होतो. कितीतरी जण नुसता नकार विकत घ्यायला येतात, हे मला इतक्या उशिरा कळलं. बाकीच्या गिऱ्हाइकांचं काय झालं असेल, कोण जाणे.

मी खूप समजावलं. राजन्नानंही आपल्या हिंदीत समजावलं. वामनराव कागद धरून बसले होते. शेवटी इंदूबाई मध्ये आली. तिनं नवऱ्याकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे वळून म्हणाली, "तोंडी कायले सांगून राह्यले भाऊ? तुमचं तोंडी कोन आइकते? पयला चुकला म्हनून लिवून द्या."

माझ्या आयुष्यात मी असं कधी लिहून दिलं नव्हतं. अंदाज वर-खाली होतात, सिमेंटचे भाव बदलतात, तेव्हा आम्ही 'सुधारित अंदाज' लिहितो. 'सुधारित' म्हटलं की कोणाचीच चूक राहत नाही. मी वही काढली आणि सवयीनं तेच लिहायला लागलो. वरती 'सुधारित' हा शब्द लिहिला. बाई वाचू शकत होती, सातवीपर्यंत शिकलेली. ती शेजारी उभी राहून पाहत होती. मला तो शब्द ठेवता आला नाही. मी त्यावर काट मारली आणि लिहिलं, 'माझा आधीचा तखमिना चुकीचा आहे. मधली भिंत चार इंची आहे. ती स्लॅबला लागत नाही. तिच्यावर कोणताही भार नाही. ती पाडल्यास घराला धोका नाही.' खाली खर्च लिहिला, दिवस लिहिले आणि सहीसाठी पेन टेकवलं.

"थांबा," इंदूबाई म्हणाली. "कोनं सांगतलं, ते बी लिवा."

वामनरावांनी मान वर केली. मी तिच्याकडे पाहिलं. ती रागावलेली नव्हती. थोडी धाप लागली होती तिला, स्टुलावर चढल्यामुळे असेल, आणि एक हात भिंतीला टेकवून ती उभी होती.

"घरच्यांनी माहिती दिली, असं लिहितो," मी म्हणालो.

"घरचे कोन? हे बी घरचेच हाय," ती नवऱ्याकडे बोट न करता म्हणाली. "नाव लिवा माह्यं."

मी लिहिलं, 'ही माहिती इंदूबाई यांनी जानेवारीतच दिली होती. मी ऐकली नाही.' शेवटचे तीन शब्द लिहायला वेळ लागला, पण लिहिले. मग सही केली, शिक्का मारला.

तिनं कागद घेतला, ओठ हलवत एकेक ओळ वाचली, आणि वाचून झाल्यावर तो वामनरावांच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. एका हातात जुना कागद, दुसऱ्या हातात नवा. बाहेर राजन्नानं बिडी पेटवली आणि कापसाचं घर म्हणून लगेच विझवून टाकली.

"म्हंजे तू तवाच सांगतलं होतं?" वामनराव बायकोला म्हणाले.

"तुमी तं तथीच उभे होते," ती म्हणाली.

वामनरावांनी जुना कागद घडी करून खिशात घातला. मग राजन्नाला विचारलं, सोमवारी माणसं मिळतील का.